खेमराजच्या हातचा कोहळा

दुधरामच्या घरामागं सांदवाडी होती. गुरांच्या कोठ्यापासून मागच्या कुंपणापर्यंतची जागा. फार मोठी नाही, पण घरच्यांना भाजी पुरावी एवढी. त्या साली तिथं सगळं होतं. मिरची होती, वांगी होती, वालाचा मांडव होता, कुंपणावर दोडके लोंबत होते. घरात खाणाऱ्यांच्या तोंडाला चव नव्हती ही गोष्ट वेगळी. भाजीला त्याचं काय? ती आपली येत होती आणि सून रुख्मा ती तोडत होती.

आणि एक कोहळा होता. तो रुख्माच्या नवऱ्यानं, खेमराजनं लावला होता.

रोहिणी नक्षत्रात त्यानं कोठ्याच्या भिंतीला लागून आळं खणलं, शेणखत घातलं आणि बी टोचलं. मागच्या साली उघड्यावर टाकलेलं बी पावसानं कुजलं होतं, म्हणून यंदा छपराखाली. तिथं पावसाची झड तेवढी आत यायची. रुख्मा म्हणाली होती, "तिथं ऊन नाई लागत." त्यावर तो म्हणाला, "वेलाले पाय असतात. तो जाते जिकडं ऊन आहे तिकडं." आणि खरंच तसं झालं. वेल भिंतीपासून निघाला, जमिनीवरून सरकत सरकत कुंपणाच्या कोपऱ्यात गेला आणि तिथं मांडवावर चढला. पण तो चढलेला खेमराजनं पाहिला नाही.

श्रावणात धानाची रोवणी आटोपत आली होती. खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाणी सुटत नव्हतं. तलावाच्या तुडुमात, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाशी, काडीकचरा अडकला होता. तो तलाव कोहळी जातीच्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी बांधलेला. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि आता तलाव कोणाचा, तुडुम कोणी साफ करायचं, हे काही ठरत नव्हतं. ते ठरेपर्यंत धान थांबत नाही. खेमराज एकटाच तलावाच्या पाळीवर गेला, पाण्यात उतरला आणि कचऱ्यात हात घातला. कचऱ्यात साप होता, तो डसला. खेमराजला बैलगाडीत घालून घरी आणला तेव्हा तो बोलत होता. दिवस मावळता मावळता बोलायचा थांबला.

त्याची माय मनकर्णाबाई तेरवीपर्यंत रडली. तेरवी झाली आणि तिनं तोंड मिटलं. कामापुरतं बोलायची. सडा टाकायची, शेण काढायची, चूल पेटवायची. सकाळ-संध्याकाळ पेज शिजवायची आणि चौघांची शिजवायची. घरात आता खाणारे तिघं. चौथा वाटा कुठं जातो हे कोणी विचारलं नाही. गाईला घालत असेल, असं रुख्माला वाटायचं. विचारायची ताकद त्या घरात कोणात होती?

रुख्माला तर काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, हाताला काटा रुतला तरी रक्त दिसल्यावर कळायचं. बायका विहिरीवर तिला पाहून आपली घागर जरा बाजूला सरकवायच्या. ते तिला दिसायचं आणि तेही आत पोचायचं नाही. ती पाणी भरायची, घरी यायची, वाडीत जाऊन बसायची. तिथं मात्र तिचे हात आपोआप चालायचे. मिरचीची पानं आखडून गोळा झाली तर तिनं आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडलं, नवी पानं सरळ आली. वांग्याचे शेंडे मान टाकू लागले, तर तिनं शेंडा चिरून आतली अळी काढली आणि किडके शेंडे चुलीत घातले. वालावर मावा बसला, तर पहाटेच्या दवात राख उडवली. हे सगळं ती माहेरी आईच्या मागंमागं फिरताना शिकली होती. वाडी तिचं ऐकत होती.

एक कोहळा तेवढा ऐकेना.

पाऊस ओसरला आणि आश्विनात त्याची बुडाकडची पानं पिवळी पडायला लागली. आधी कडा करपल्या, मग पान आतून सुकलं. रुख्मानं राख टाकली. तंबाखू भिजवून पाणी मारलं. निंबाचा पाला उकळून शिंपडला. पानं उलटून पाहिली, देठ चिमटून पाहिले, वेलात कुठं भोक पडलं का म्हणून बोट फिरवत पार मांडवापर्यंत गेली. अळी नव्हती, मावा नव्हता. काहीच नव्हतं, आणि वेल मरत होता.

शेजारची अनुसयाबाई विस्तव मागायला आली. गोवरीवर निखारा घेतला आणि मागच्या दारातून तिची नजर वेलावर गेली.

"अवो रुख्मा, कोहळा पिवरा पडून राहिला नं."

"हो."

"राख टाकली?"

"टाकली. तमाखूचं पानीबी मारलं."

"मंग?" अनुसयाबाई दारात उभी राहिली. गोवरी धुरत होती. "तू बोट तं नाई दाखवलं त्याले?"

"नाई."

"फळ धरलं का बोट दाखवू नाई, सडते. आन तू आता..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. अनुसयाबाई वाईट नव्हती, पण तिचं अर्धं वाक्य दुसऱ्याच्या पुऱ्या वाक्यापेक्षा जास्त लागायचं. "तू जाऊच नको नं त्याच्याकडं. म्हातारीले पानी घालू दे."

"आत्याबाईच घालतात पानी," रुख्मा म्हणाली.

हे खरं होतं. तेरवी झाल्यापासून कोहळ्याचं आळं मनकर्णाबाईकडं होतं. सूनबाईनं तिथं पाण्याचा लोटाही न्यायचा नाही. कोहळा म्हणजे घरचा थोरला लेक, असं आमच्या झाडीपट्टीत मानतात. म्हणून बाईमाणूस अख्ख्या कोहळ्याला विळा लावत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बायांनी तो खुशाल चिरावा, किसावा, वड्या घालाव्यात. घरात पुरुष नसला तर शेजारच्याला हाक मारायची. साध्या कोहळ्याची ही गोष्ट, मग हा तर खेमराजच्या हातचा. मनकर्णाबाईनं नजर लागू नये म्हणून मांडवावर एक काळं मडकं बांधलं होतं. चुन्याचे दोन डोळे काढले होते. ते डोळे रुख्मा ज्या दारातून वाडीत यायची त्या दाराकडं होते.

पहिलं फळ लिंबाएवढं होऊन गळलं. दुसरं कवठाएवढं झालं, देठाशी पिवळं पडलं आणि एका सकाळी मांडवाखाली पडलेलं सापडलं. मनकर्णाबाईनं ते उचलून पदरात घेतलं, ओसरीवर आणलं आणि दुधरामच्या पुढ्यात ठेवलं.

"हिच्या भावाले सांगून पाठवा," ती म्हणाली. "घेऊन जाय म्हना. हिच्या हाताले काई टिकत नाई."

रुख्मा तिथंच तांदूळ निवडत होती. दुधरामनं चिलीम खाली ठेवली. फळाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. सुनेकडं पाहायचं त्यानं टाळलं.

"धान घरात येऊ दे," तो म्हणाला. "कापनीले हात लागतीन."

मनकर्णाबाईनं फळ उचलून आत नेलं. म्हणजे ठरलं. कापणीपर्यंत रुख्मा हात होती, त्यानंतर ती कोणी नव्हती. तिनं सुपातला खडा शोधला, उचलला आणि बाजूला टाकला.

तिचा भाऊ श्यामलाल सौंदडला असायचा. निरोप गेला तसा तो आगगाडीनं अर्जुनीला आला आणि तिथून पायी गावात. ओसरीवर बसून त्यानं पाणी प्यायलं, दुधरामशी धानाबद्दल बोलला, मग वाडीत बहिणीजवळ आला. ती वांग्याला माती लावत होती. तो शेताच्या धुऱ्यावर बसावं तसा उकिडवा बसला.

"कापनी झाली का नेतो तुले," तो म्हणाला. "मी सांगून ठेवलं आहे एका जागी. चुन्नीलाल म्हनून आहे. टेसनापाशी दुकान आहे किरान्याचं. बायको मेली त्याची. मानूस बरा आहे. पाट लावून देऊ."

"लेकरं आहेत?"

"दोन पोरी आहेत."

"केवढ्या?"

श्यामलालनं मातीत काडीनं रेघ ओढली. "तुह्या बरोबरीच्या असतीन."

रुख्मा माती दाबत राहिली. मग म्हणाली, "दादा, मले नाई जाचं."

"मंग राहतं कायच्या भरोशावर? सासूच घेऊन जाय म्हनते तं मी काय करू? माह्या घरीबी तुही वहिनी आहे, तिचंबी ऐका लागते."

तो खोटं काही बोलत नव्हता. रुख्मानं मांडवाकडं पाहिलं. त्याला दाखवावं असं तिच्याजवळ तिथंही काही नव्हतं. पिवळी पानं आणि काळं मडकं.

श्यामलाल गेला. रुख्माला खरंच जायचं नव्हतं. खेमराजचा गमछा इथल्या खुंटीला होता. त्यानं खणलेलं आळं इथं होतं. आत सगळं बधिर झालं होतं तिचं, पण जिथं बधिर झालो तिथंच कधीतरी जाग येईल असं तिला वाटायचं. चुन्नीलालच्या दुकानामागच्या खोलीत कसली जाग येणार? तिथं तर ती जन्मभर तशीच राहिली असती. ह्या एका गोष्टीचं मात्र तिला भ्या वाटलं. श्रावणापासून पहिल्यांदा तिला काही वाटलं ते हे.

हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान पिकलं. कापणी सुरू झाली. रुख्मा आणि दुधराम दिवस उजाडता बांधीत उतरायचे. ती वाकून कापायची, कापलेल्या धानाचा मूठ मूठ कडपा अंथरायची, पाठ सरळ केली की समोर इकडच्या प्रतापगडाचा डोंगर दिसायचा, पुन्हा वाकायची. सासरा पलीकडच्या टोकाला. दिवसभरात दोघांत एखादा शब्द व्हायचा, तोही विळ्याबद्दल नाहीतर पाण्याबद्दल.

एका सकाळी कापता कापता तिच्या विळ्याची मूठ निघाली. दुसरा विळा आणायला ती घरी आली. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून कोठ्याकडून वळली आणि तिथंच थांबली.

मनकर्णाबाई कोहळ्याच्या आळ्याशी बसली होती. पाठमोरी. हातात खेमराजचा पितळी गडवा होता आणि गडव्यातून वाफ निघत होती. तिनं तो हळूहळू आळ्यात ओतला, लेकराला पाजावं तसा.

"पी बापा," ती म्हणाली. "ऊन ऊन आहे. मीठ जास्ती टाकलं, तुले लागते तसं."

मग गडव्याच्या बुडाशी राहिलेली शितं तिनं बोटानं काढली आणि मुळाशी नीट ठेवली. एक शीत बाजूला घरंगळलं, तेही उचलून ठेवलं.

रुख्मा आल्या पावली मागं फिरली. विळा न घेताच शेतात गेली. दुधरामनं विचारलं तेव्हा सापडला नाही म्हणाली. त्यानं आपला विळा तिला दिला आणि स्वतः धानाच्या मुठी बांधायला बसला.

त्या दिवशी मनकर्णाबाई दिवेलागणीला गाय बांधायला गेली, तेवढ्यात रुख्मा आळ्याशी बसली. माती वरून घट्ट झाली होती आणि तिच्यावर पांढुरका थर आला होता. बोट ओलं करून लावलं आणि जिभेवर ठेवलं. मीठ. खारट झोंबलं जिभेला. तिनं थोडं उकरलं. आत मुंग्या, आंबूस वास आणि मुळ्या तपकिरी, गिळगिळीत. पावसाची झड होती तोवर सगळं धुऊन जात होतं. झड थांबली आणि मीठ तिथंच साठलं. उकळती पेज, दोन्ही वेळा, दिवसामागून दिवस. हत्तीएवढं झाड असतं तरी मेलं असतं.

तर हे असं होतं. तिच्या सावलीनं नाही, बोटानं नाही. चौथा वाटा.

आता सांगायचं कोणाला आणि कसं? आत्याबाई, तुमीच मारून राहिल्या त्याले, असं म्हणायचं? एक वाक्य बोलली असती तर रुख्मा सुटली असती. तिच्यावरचा आळ गेला असता. पण म्हातारीचं काय झालं असतं? एक लेक सापानं नेला. दुसऱ्याला ती पोटभर जेवू घालत होती. त्या जेवणानंच तो मेला हे तिला कोणी सांगावं?  तिनं उकरलेली माती परत सारखी केली, वर ती शितं होती तशी ठेवली आणि उठली.

रात्रभर तिच्या डोक्यात आईचा भोपळा होता. सौंदडला एका साली गाईनं भोपळ्याचं बूड तुडवलं होतं. आईनं काय केलं, तर पुढं जमिनीवरून गेलेल्या वेलाची एक गाठ धरली, तिच्यावर शेणमाती दाबली आणि दगड ठेवला. गाठीतून मुळ्या सुटल्या. बूड वाळलं, पण वेल दुसऱ्या पायावर उभा राहिला.

सकाळी शेतात जायच्या आधी तिनं जागा हेरली. आळ्यापासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, वेल मांडवावर चढायच्या अलीकडं. तिथलं पान चांगलं हिरवं होतं. गाठीखालची माती भुसभुशीत केली, जुनं शेणखत मिसळलं, गाठ नखानं जराशी खरवडली आणि वरून माती दाबली. वेल हलू नये म्हणून चपटा दगड ठेवला. त्याच्यावर पळसाची पानं टाकली, म्हणजे कोणाला दिसणार नाही. सांडपाण्याचा एक लहान दांड तिनं वांग्यांकडून त्या कोपऱ्यात वळवला. वांग्याला पाणी घालताना तिकडंही जायचं, कोणी विचारायला नको.

बाकी सगळं चालू होतं तसं चालू राहिलं. मनकर्णाबाई दोन्ही वेळा गडवा घेऊन जात होती. रुख्मा तिला जाताना पाहायची आणि चुलीकडं तोंड करायची. दिवाळी आली आणि गेली. सुतकाचं साल, कढई चढली नाही. अनुसयाबाईनं करंज्या पाठवल्या, त्या दुधरामनं एक एक खाल्ल्या आणि पाणी प्यायला. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली, दंडारीचा खेळ झाला, ढोलकीचा आवाज घरापर्यंत येत होता. रुख्मा मुठी बांधत होती.

वेल आता बुडाकडून काळा पडत चालला होता. कुजका भाग हात हात पुढं सरकत होता. मांडवावर एकच फळ टिकलं होतं, घागरीच्या तोंडाएवढं, केसाळ, हिरवं. ते कुंपणापलीकडच्या बाजूला पानात लपलं होतं. कूज गाठीपर्यंत पोचली असती तर ते आणि वेल दोन्ही गेले असते.

एका सकाळी तिनं पळसाची पानं सारली आणि दगड उचलला. बोटानं माती बाजूला केली. पांढऱ्या मुळ्या होत्या. बारीक, दाट, तांदळाच्या शेवयांसारख्या. तिनं माती परत दाबली, कमरेचा विळा काढला, गाठीच्या अलीकडं धरला आणि वेल कापला.

मान वर केली तर मनकर्णाबाई समोर उभी होती. हातात गडवा.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. गडव्यातून वाफ निघत होती आणि म्हातारी कापलेल्या टोकाकडं पाहत होती. टोकातून पाणी ठिबकत होतं.

"कापला?" तिनं विचारलं.

"हो, आत्याबाई."

"बरं केलं."

एवढंच. मग ती आळ्याशी गेली, बसली आणि रोजच्यासारखा गडवा ओतला. शितं काढली, ठेवली. घरात जाऊन दुधरामला म्हणाली, "श्यामलालले आता बोलवा. आज सांगून पाठवा." रुख्माला ते वाडीत ऐकू आलं. दुधराम म्हणाला, "हो. कापनीबी झाली आता."

त्या दुपारी वेलानं मान टाकली. सगळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबली. रुख्मा खळ्यावर होती. तिथून मांडव दिसत होता आणि पाहवत नव्हता. पायानं धान पसरत ती गोल फिरत होती, बैलांच्या मागं, आणि तिच्या मनात एकच चालू होतं की आपण चुकलो. मुळ्या कोवळ्या होत्या. आणखी थांबायला हवं होतं. आता खरंच आपल्या हातानं मेला. संध्याकाळी तिनं मांडवावर पळसाच्या फांद्या टाकून सावली केली आणि गाठीशी गार पाणी घातलं. म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. तिनं अडवलं नाही. आता काय अडवायचं, असं तिचं तोंड होतं.

सकाळी पानं उभी होती.

दुपारी थोडी मलूल झाली, संध्याकाळी पुन्हा उभी. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग दुपारीही मान पडेना. शेंड्याला नवा तंतू फुटला आणि त्यानं काळ्या मडक्याला वेढा घातला. बुडाचा वेल मात्र सुकून दोरीसारखा झाला होता. मनकर्णाबाई त्याच्याशी गडवा घेऊन जायची, वाळक्या बुडाकडं पाहायची, मग कोपऱ्यातल्या हिरव्या वेलाकडं पाहायची. कापलेला, तरी हिरवा. तिला ते उलगडत नव्हतं आणि कोणाला विचारायचं नव्हतं.

एक दिवस रुख्मा कोठ्यात शेण काढत होती तेव्हा तिनं तट्ट्याच्या फटीतून पाहिलं. म्हातारी आळ्याशी बसली होती. गडवा बाजूला. दोन्ही हातांनी ती माती उकरत होती. कुजलेली मुळी वर आली, ती तिनं बोटांत चोळली, हुंगली. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

ती तशीच बसून राहिली. ऊन भिंतीवरून खाली सरकलं, तिच्या पाठीवर आलं, पुढं गेलं. गडव्यातली पेज गार झाली आणि तिच्यावर साय धरली. कावळा येऊन गडव्याच्या काठावर बसला, तरी तिनं हाकलला नाही. रुख्मा शेणाची पाटी हातात घेऊन कोठ्यात उभी होती. पुढं जावं असं तिला वाटलं. पण गेली असती तर तिला ठाऊक होतं हे म्हातारीला कळलं असतं. ती गेली नाही.

त्या संध्याकाळी खेमराजचा गडवा घासून खुंटीवर उपडा ठेवलेला होता. पेज तिघांची शिजली होती. मनकर्णाबाईनं वाढली आणि स्वतः खाल्ली नाही.

 दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाई कोपऱ्यातल्या वेलाला साधं पाणी घालायला लागली. आधी बोट बुडवून पाहायची, मग घालायची. मांडवावरचं मडकं एक दिवस दिसेना झालं. निरोप मात्र गेला होता तो गेलाच होता. तो परत बोलवा असं दुधरामला कोणी सांगितलं नाही, आणि न सांगता काही करायची त्याची रीत नव्हती.

श्यामलाल मार्गशीर्षात आला. थंडी पडली होती, कांबळं पांघरून आला. रुख्मानं सकाळीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. दोन लुगडी, एक कांबळं, आईनं दिलेला पितळी डबा. खुंटीवरचा गमछा तिनं हातात घेतला आणि परत ठेवला. तो त्या घरचा होता.

"निघू मंग," श्यामलाल म्हणाला. "गाडी सापडली पाह्यजे."

दुधराम ओसरीवर बसला होता. "जाय बाई," तो जमिनीकडं पाहत म्हणाला. "बरी राहा."

मनकर्णाबाई मागच्या दारातून आली. "श्यामलाल," ती म्हणाली, "कोहळा पिकला आहे. त्यावढा उतरवून दे. आन पयला घाव तूच घाल."

"मी कायले? मामाजी आहेत नं."

दुधरामनं मान हलवली. "माह्यानं नाई होत."

श्यामलालला ते काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याचं तोंड पाहून तो पुढं बोलला नाही. मांडवाशी गेला. कोहळा आता बाळाएवढा झाला होता आणि त्याच्यावर पांढरी राखोंडी चढली होती. त्यानं देठ कापला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला. त्याच्या बोटांचे ठसे त्या राखोंडीत उमटले. ओसरीवर पाट मांडला होता. त्यानं कोहळा पाटावर ठेवला, विळा घेतला आणि थांबला.  मग त्यानं घाव घातला. कोहळा चर्र करून उकलला, दोन फाका झाल्या, आत पांढरा गर आणि बिया गच्च.

दुधराम उठून अंगणात गेला. मनकर्णाबाई जागची हलली नाही. तिनं पूर्ण पाहिलं.

मग तिनं फाक पुढ्यात ओढली, बोटांनी बिया काढल्या आणि सुपात चुलीची राख पसरून त्यात टाकल्या. "उडीद भिजू घातले आहेत काल," ती कोणाकडं न पाहता म्हणाली. "वड्या घालाच्या आहेत. किसाचं आहे, पिराचं आहे, वाटाचं आहे. मले एकटीले नाई होत."

श्यामलालनं रुख्माकडं पाहिलं. "मंग माय, आमी उद्या निघू म्हनता?"

"तू जाय. तुही गाडी चुकंल."

"आन रुख्मा?"

"हे कोहळ्याचं बी कोन राखंल?" म्हातारीनं सूप रुख्माकडं सरकवलं. "पुढच्या साली लावाचं आहे. मले नाई समजत त्यातलं."

 श्यामलालनं कांबळं सावरलं. त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखा तो दिसत होता, आणि ते लपवायचं त्याला भानही नव्हतं. "चुन्नीलालले मी काय सांगू?" त्यानं विचारलं.  "बरं, सांगन काईतरी," तो स्वतःलाच म्हणाला.

"जेवून जाय," मनकर्णाबाई म्हणाली.

तिनं पेज उतरवली. श्यामलालला कोपऱ्यात वाढली, दुधरामला अंगणातून हाक मारून बोलावलं आणि त्याला वाढली. मग खुंटीवरचा गडवा काढला. पदरानं आतून पुसला, काठोकाठ भरला आणि आणून रुख्मापुढं ठेवला. गाठोडं मधे येत होतं, ते पायानं बाजूला सारलं.

"घे," ती म्हणाली. "मीठ कमी टाकलं."

रुख्मानं मान वर केली. म्हातारी तिच्याकडंच पाहत होती. श्रावणापासून पहिल्यांदा. डोळे कोरडे होते आणि खाली वळले नाहीत. मग ती किसणी शोधायला आत गेली.

रुख्मानं गडवा दोन्ही हातांनी उचलला. पितळ तापलं होतं, तळहात भाजले, आणि ते भाजलेलं तिला लगेच कळलं. तिनं पहिला घोट घेतला. पेज अळणी होती. मिठाचं भांडं हाताशीच होतं. तिनं त्याला हात लावला नाही, गडवा तोंडाला लावला आणि तळाच्या शितांसकट सगळी पेज पिऊन टाकली.